सहातली पाच

आठवी ब. गठ्ठ्यातली शेवटची वही.
एक छेद दोन क्ष अधिक एक छेद तीन क्ष
बरोबर दोन छेद पाच क्ष.
नाझनीननं खाली दोन रेघा ओढलेल्या,
इतक्या खात्रीनं की लाल पेन
क्षणभर माझ्याच हातात खोटं वाटलं.
फुली मारली. लिहिलं : छेद समान करा.
चौदा वर्षं हेच वाक्य लिहितोय,
नळ गळतो तसं.

दुसऱ्या दिवशी, सेलूच्या मोंढ्याकडं,
पँटची चेन बदलायला गेलो
तर खाजामियाँ मशीन थांबवून वही उघडून बसलेले.
"सर, अर्धा मीटर अस्तर होतं.
त्यात तिसरा हिस्सा अजून घातला.
अन् ही म्हणते अर्ध्याहून कमी भरलं.
मग मधलं कापड चोरलं कुणी?
तुम्ही का मी?"
नाझनीन काजं करत होती. मान खाली, हसू दाबून.

त्यांनी चपट्या खडूनं
काळ्या अस्तरावर सहा घरं आखली.
अर्ध्यात तीन बसली, तिसऱ्या हिश्शात दोन.
बोट ठेवून तिनंच मोजली : पाच.
सहातली पाच.
"लसावि," मी पुटपुटलो,
कुणी न विचारता पाहुण्यानं नाव सांगावं तसा.

गणितात पुढं य होते.
य म्हणजे खण, असं बापलेकीनं परस्पर ठरवलं.
पाऊण य, त्यातून पाव बाहीला गेला, उरला अर्धा.
हे तिला बोटांनाच पाठ.
पाव, पाऊण, सव्वा घरचेच सगळे,
फक्त शाळेत येताना
एकावर एक असे ताठ उभे राहतात
की ओळखू येत नाहीत.

"आता सगळं मिळून किती?" मी मुद्दाम विचारलं.
तिनं अस्तर एका हातात धरलं, खण दुसऱ्या.
बराच वेळ.
"एक नाही होत सर.
नुसतं जोडून ठेवता येतं."

चेनचे पैसे द्यायचे राहिलेच.

वहीत आता लिहिलंय
पाच छेद सहा क्ष अधिक एक छेद दोन य,
अधिकचं चिन्ह जरा कललेलं,
घाईच्या टाक्यासारखं.
मी बरोबरची खूण केली
आणि वरच्या, परवाच्या फुलीकडं बघत बसलो.
मान थोडी वाकडी केली
की तीही अधिकच दिसते.