लेम्पीच्या घरचा नळ

पारा उणे एकोणतीस, आणि मी
लेम्पी कांगासच्या रिकाम्या घरात
सिंकखाली गुडघ्यांवर बसलोय,
टॉर्च दातांत धरून.

कपाटाची दारं उघडी टाकायची,
म्हणजे खोलीतली ऊब पाइपापर्यंत जाते.
हे तिनंच शिकवलं.
नळ पुरता बंद करायचा नाही,
धार ठेवायची शिसपेन्सिलीच्या शिसाएवढी,
गरम आणि गार, दोन्हीकडून.
"चालत्या पाण्याला थंडी धरत नाही,
बसलं की संपलं," म्हणायची.
चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत ती स्वतः कुठं बसली?

नोव्हेंबरात पडली.
आता पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात असते,
मला आर्वो म्हणते. तो तिचा भाऊ.
मी रेनर, तीस वर्षं शाळेची बस चालवली,
तिच्या दारावरून रोज दोनदा.

या गावाखाली तांबं होतं.
तिच्या बापानं ते काढलं, इतक्या खोलातून
की तिथं जानेवारीतही घाम यायचा.
वर आला की भिजलेला सदरा
घरी पोचेतो पत्र्यासारखा ताठ.
रविवारी त्यानं याच भिंतीत
तांब्याचे पाइप स्वतः बसवले.

मंगळवारी मी इथं आलो नाही.
बर्फ फार होता, असं सांगता येईल.
खरं तर हॉकीची मॅच होती.

पाणी गोठताना आकसत नाही, फुगतं,
उलट्या काळजाचं.
आणि फुटलेला पाइप
गोठलेला असेतो शहाण्यासारखा गप्प बसतो.
ऊब लागली की बोलतो.
बुधवारी दुपारी तो बोलला
तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी,
त्यात तिची एक चप्पल तरंगत होती.

मेन बंद केला. भिंत फोडली.
चिरलेला तुकडा कापला, नवा डाग देऊन जोडला,
गिलावा केला, वाकडाच.

रविवारी तिनं विचारलं, "नळ?"
"चालू आहे."
"पेन्सिलीएवढा?"
"पेन्सिलीएवढा."
ती माझ्या पायांकडं बघत राहिली.
"मग बुटांवर हे प्लास्टर कसलं, आर्वो?
कुठंतरी पाणी मुरतंय."

मी गप्प.

"उत्तरेच्या भिंतीतला ना?
नऊ वर्षांची होते मी. बापाला म्हटलं होतं,
तिकडून नेऊ नकोस, वारा तिथंच येऊन आदळतो.
ऐकलं नाही." आणि हसली,
दात काढून ठेवलेल्या तोंडानं, बराच वेळ,
नर्स बघायला येईपर्यंत.

टॉर्चच्या उजेडात
काळवंडलेल्या जुन्या तांब्यामध्ये
माझा वीतभर तुकडा
नको तेवढा चमकतोय.

धार लावली. ऐकली.
दाराशी गेलो, परत आलो,
पुन्हा ऐकली.

घर विकायला काढलंय, तिचा पुतण्या म्हणतो,
एप्रिलनंतर बघू.
तोवर मीटर फिरतोय,
आणि पाण्याचं बिल, कसं कोण जाणे,
या महिन्यात माझ्या पत्त्यावर आलंय.