मागचं डावं दार

उम्ताताहून निघालो तेव्हा उजाडायचं होतं.
गाडी लुंगीसाच्या मामाची, मामा शाळामास्तर,
म्हणून किल्लीआधी सूचना मिळाल्या:
अंधारात चालवायची नाही, वाळूत घालायची नाही,
आणि मागचं डावं दार आतून उघडत नाही,
काचही चार बोटांच्या खाली उतरत नाही,
ज्याला घाई नसेल त्याने तिथे बसावं.
म्झोलिसी बसला. त्याला कधीच घाई नसायची,
परीक्षेत पेपर त्याच्या हातातून ओढूनच घ्यावा लागे.

समुद्र यायचा होता. आधी नुसत्या टेकड्या,
उतारावर सांडल्यासारखी गोल घरं,
दर्शनी भिंत पिरोजी, मागची मातीचीच.
रंग संपला का पैसे? अंदिस्वाने विचारलं,
उत्तर कुणालाच नको होतं.
रस्त्यावर गायी, ठिपक्याठिपक्यांच्या,
हॉर्न ऐकून कान हलवायच्या, पाय नाही.
टॅक्सीथांब्यावर एका बाईकडून आठ मग्विन्या घेतल्या,
कागदातून तेल झिरपून नकाशावर गेलं
आणि कॉफी बेच्या अलीकडे एक नवं तळं झालं.
त्या तळ्यावर आम्ही तासभर हसलो.
हसायला तेव्हा काहीही पुरायचं.

मग एका वळणावर रस्ता संपल्यासारखा वाटला
आणि खाली तो.
निळा म्हणवत नाही. करडा, चिडलेला,
कड्यांच्या पायथ्याशी स्वतःलाच आपटून घेणारा.
समोर अख्खा डोंगर पाण्यात उभा, पोटात आरपार भोक.
लाट आत शिरायची, आणि मग आवाज,
आधी छातीत, नंतर कानात.
जागेचं नावच एसिखालेनी, आवाजाचं ठिकाण.
इंग्रजी नाव भोकावरून पडलंय;
आमच्या माणसांनी बघण्याआधी ऐकलं असणार.

आम्ही धावत सुटलो, चपला हातात.
ओहोटीच्या खडकांवर बायका पहारीने शिंपले उपटत होत्या,
त्यांनी मान वर केली, परत खाली घातली.
अंदिस्वाने गुडघाभर पाण्यात जाऊन किंचाळून घेतलं,
लुंगीसाने दगडावर चढताना पँट फाडून घेतली.
किती वेळ गेला कोणास ठाऊक.
चौघांचा फोटो काढताना
तिघेच दिसलो.

गाडी राखायला एक पोरगा ठेवला होता, दहा रँडवर.
तो बॉनेटवर मांडी घालून,
काठी आडवी, पोलिसासारखा.
आत म्झोलिसी.
काचेच्या फटीतून अर्धी मग्विन्या पोराला देऊन झालेली.
"दार का नाही उघडलंस?" मी ओरडले.
"तुम्हीच राखायला सांगितलं," पोरगा म्हणाला,
"मला वाटलं, चोर आहे. कोंडलाय."
हसून हसून आम्ही बॉनेटला धरून वाकलो.
पोरगा हसला नाही. पैसे मुठीत घेताना
माझ्या कानाशी येऊन म्हणाला,
"तो फेब्रुवारीत परत जाणार नाही. फी थकलीये.
रुस्टेनबर्गला, भावाकडे, खाणीत.
तुला माहीत नाही?"

तीन वर्षं एका बाकावर.

दार उघडलं. तो उतरला, आळोखेपिळोखे दिले,
त्या भोकाकडे बघत म्हणाला,
"वरची तुळई बघ. मधे एकही खांब नाही."
पूल बांधायचे होते त्याला.
मी म्हटलं, "हो."
मग लाट आली, त्या आवाजात मी आणखी काही बोललेही असेन.

परतताना त्याला त्याच्या गावच्या फाट्यावर सोडलं.
बाहेरून दार मीच उघडलं.
त्याने घोंगडी घेतली, कॅल्क्युलेटर सीटवरच ठेवला,
"विसरलास" म्हणता येऊ नये इतका नीट.
कुत्रं भुंकलं, मग ओळखून थांबलं.

उरलेला रस्ता मी त्याच्या जागेवर बसले.
मामाची पहिली अट केव्हाच मोडली होती,
दिव्यांत गायींचे डोळे पेटायचे, विझायचे,
नकाशावरचं तळं वाळून पिवळं पडलं होतं.

मामा फाटकाशी उभा होता, हातात बॅटरी.
ते दोघे उतरले.
"दार ठीक आहे ना?" त्याने विचारलं.
मी आतून काचेवर टकटक केली.