असता

लुइझियानात, कागदाच्या गिरणीच्या गावी,
जिथे वाऱ्यालाही नासक्या अंड्यांचा वास,
न्यायाधीश थिबोडो
रात्री साडेअकराला हिशेब करत बसलेत.

निकाल मार्चातच लागला:
भेदभाव झाला.
दोनच शब्द. ते सोपे होते.
अवघड ते पुढचं. आता काय?

एकसष्ट साली ओबेडाया टार्प्ली
यंत्रघरातल्या कामासाठी अर्ज घेऊन गेला.
कारकुनाने कागद न वाचताच
लाकडांच्या आवाराकडे बोट दाखवलं.
तेरा वर्षं तो त्या बोटाच्या दिशेने
कामाला जात राहिला.

त्या बोटाची किंमत काढायची आहे.
तासामागे एक डॉलर बावीस सेंट,
गुणिले आठवडे, वजा संपाचे दिवस,
वजा आजारपण,
आणि इथे पेन्सिल अडते.
आजारपण म्हणजे पायावर पडलेला ओंडका.
यंत्रघरात ओंडके पडत नाहीत.
ते दिवस पुन्हा मिळवले.

सुनावणीला मागच्या बाकावर रोज यायचा
डेल फाँटेनो, टोपी मांडीवर.
त्याने कुणाचं हिसकावलं नव्हतं.
रांग दिसली, उभा राहिला.
तिच्या तोंडाशी काय चाललंय
हे त्यानेही विचारलं नव्हतं.
उठवायचं त्याला?
न्यायाधीशांनी लिहिलं, उठवू नये.
खाली लिहिलं, पुढची जागा रिकामी होताच
टार्प्लीची वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजावीत.
दोन्ही वाक्यं खोडली.
मग पुन्हा तीच लिहिली.

मराठीत याला एक शब्द पुरतो: असता.
चढला असता. मिळालं असतं.
मुलगी नर्सिंगला गेली असती.
हुकूमनामा म्हणजे
हा शब्द डॉलरांत उतरवायची खटपट.
मुलीपुढचा रकाना
कोराच राहिला.

वाचून झालं. काही म्हणायचंय का, विचारलं.
ओबेडाया उठला, पाय सावरत.
म्हणाला, निशाणी चौदा परत मिळेल का,
तो अर्ज?
अक्षर लव्हीनियाचं आहे. माझं नाही.
ती गेली अडुसष्टला.

कंपनी अपिलात जाणार होती.
तोवर कागद कोर्टात जमा. नियम आहे.
थिबोडोंनी चष्मा काढला, पुसला,
नियम वाचून दाखवला.

सोमवारी पहाटे सहाला
ओबेडाया लाकडांच्या आवारात हजर.
जागा अजून
रिकामी झालेली नाही.