मापांची वही

एडगर हॉबडे. उंची पाच फूट साडेनऊ.
दर वेळी टाचा किंचित उचलून म्हणायचा,
"दहा लिही, मॅव्हिस."
मी साडेनऊच लिहायचे.

एकसष्ट साल, हल. कंबर एकोणतीस.
भूमिका: दुसरा भालदार. वाक्य एकच,
"महाराज, पाहुणे दारात आहेत."
त्या एका वाक्यासाठी दुपारपासून
कपडेपटात येरझारा.
बाप ग्रिम्सबीच्या गोदीत मासळीच्या पेट्या वाहायचा.
खवले काढावेत तशी पोरानं
जिभेवरून गोदी खरवडून काढली होती,
तरी घाईत त्याचा 'महाराज'
कधी कधी खारा निघायचा.

चौसष्ट: तीस. सहासष्ट: तीस.
या सोमवारी खुनी, पुढच्या सोमवारी पाद्री.
करडा सूट एकच, उसवायचा, पुन्हा शिवायचा,
कॉलरच्या आत आधीच्या तिघांची नावं.
रविवारी क्रूच्या फलाटावर
एका थर्मासात आम्ही सहा जण.

मग टीव्हीवाल्यांनी बोलावलं. प्रेत म्हणून.
तीन मालिका, तीन प्रेतं.
"मेलेल्याचं माप कशाला घेतेस?"
मेलेला माणूस सदरा ओढून नीट करत नाही, एडगर.
जिवंतांचं खपून जातं.

एकाहत्तर: बत्तीस.
दीपगृहाचा रखवालदार, नव्वद मिनिटं,
समोर फक्त एक खुर्ची आणि तिच्याशी भांडण.
मी डोन्कास्टरला बहिणीकडे पाहिलं.
बहीण मध्ये काही बोलली नाही,
यावरून काय ते समजा.
पुढल्या वर्षी स्टुडिओनं त्याच टेपवर
फुटबॉलची मॅच घेतली. टेपा महाग होत्या तेव्हा.
माझी टेप पिवळी, साठ इंची, कापडी.
तिच्यावरचे आकडेही पुसट होतात,
पण वापरून वापरून.

चौऱ्याहत्तर ते पंच्याऐंशी:
चौतीस, छत्तीस, साडेअडतीस.
दर मंगळवारी सात वाजता पोस्टमन.
लॉन्ड्रीत बायका त्याच्या हाती पत्रं द्यायच्या,
तो ती खरंच पेटीत टाकायचा,
तिकीट नसलं तर स्वतःचं चिकटवून.
शेवटी लेखकांनी त्याला सायकलसकट कालव्यात घातला.
दुसऱ्या दिवशी बसमध्ये कंडक्टरनं भाडं घेतलं नाही.
"मेलेल्याकडून कसं घेऊ?"
सगळी बस हसली, एडगरही.
पुढे महिनाभर तो चालतच आला.

नव्वद, वुल्व्हरहॅम्प्टन, नाताळचं बालनाट्य, धोबीण.
छाती त्रेपन्न (उशा धरून).

सत्त्याण्णव, लीड्स.
राजाचा बदली नट. राजा ठणठणीत.
चार महिने विंगेत उभा राहून
एडगर ओठ हलवत होता.
एका बुधवारी दुपारी राजाचा घसा बसला.
प्रेक्षक साठ, त्यात चाळीस शाळेची पोरं.
झगा परक्या मापाचा, मी अठरा पिना लावल्या.
म्हटलं, श्वास जपून घे.
त्यानं घेतला नाही जपून.
तिसऱ्या अंकात, मेलेल्या लेकीचं नाव घेताना,
एक पिन बरगडीत शिरली
आणि तोंडून जे निघालं ते ग्रिम्सबीचं होतं, गोदीचं, बापाचं.
पोरांच्या हातातल्या वेफर्सच्या पिशव्या वाजायच्या थांबल्या.
समीक्षक बुधवारी येत नाहीत.
झग्यावरचा डाग मी थंड पाण्यात धुतला.
गरम पाण्यानं रक्त धरतं.

दोन हजार तीन, मार्च. कंबर एकोणतीस.
हे माप मी हॉस्पिटलात घेतलं, चादरीवरून,
नुसत्या हातांनी.

पेटीवाल्यानं फोनवर उंची विचारली.
म्हटलं, दहा. पाच फूट दहा.
अर्धा इंच लाकूड जास्त गेलं असेल.

पुढचं पान: आज सकाळी आलेला नवा पोरगा, ट्रिस्टन,
कंबर अठ्ठावीस, दुसरा भालदार.
सरळ उभा राहत नाही.
टाचा उचलतो.