खड्डा सात, उत्तरेची कड

एंडेल, तुझी बरणी पोचली.
झाकणावर अजून खारवलेल्या काकडीचं चित्र,
खाली तुझं तिरपं अक्षर:
खड्डा सात, उत्तरेची कड, मॉस पिळून.
पाणी कोऱ्या चहासारखं.

दोन दिवस खिडकीत ठेवलं. गाळ बसला.
मग एक थेंब काचेवर.

आधी काहीच नाही, तुला खोटं कशाला सांगू?
पीटचे तंतू, पाइनचा पराग,
एक रोटिफर, स्वतःच्याच घाईत.
मग एक चंद्रकोर सरकत आली.
क्लोस्टेरियम. दोन्ही टोकांना एकेक खोली,
खोलीत जिप्समचे कण थरथरतात,
कशासाठी, ते माझ्या पुस्तकात नाही.
भिंतीवरच्या रेघा मोजल्या:
दहा मायक्रॉनमध्ये आठ. की नऊ.
डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा सोडून दिलं.
वहीत लिहिलंय, आठ-नऊ. हस खुशाल.

एकतीस वर्षं तू या दलदलीची साल काढलीस
पट्ट्यापट्ट्यांनी,
सौनातून आलास तरी कानामागे तपकिरी.
आणि मी शिकवायचे त्या शाळेची भट्टी
तुझ्याच पीटवर तापायची.
तेव्हा हिशेब माझ्याही नावावर आहे.
पाच वर्षांपूर्वी चर बुजवलेस ओंडके टाकून,
म्हणालास, बघू, कोण परत येतं.

तर ऐक.
रात्री अकराला (बाहेर जून, अंधार पडायला तयार नाही)
काचेच्या कडेला एक हिरवी थाळी, कातरकाम केलेली.
मायक्रॅस्टेरियस.
मधोमध चीर इतकी खोल की दोन वाटाव्यात;
पेशी एकच. चिरेतल्या अरुंद पुलावर
केंद्रक बसलेलं, जकात नाक्यावरच्या कारकुनासारखं.
टाचणीनं काचेला टिचकी मारली. ती वळली,
आणि कडेनं नुसती रेघ!

एक अर्धं जुनं, दातेरी.
दुसरं गुळगुळीत, नुसता फुगा.
म्हणजे नुकतीच दुभागलेली.
जुनं अर्धं वाट्याला येतं,
उरलेलं जिचं तिनं घडवायचं.
कडेनं थेंब थेंब पाणी देत
पहाटे तीनपर्यंत बसले.
फुग्याला खाच पडली. खाचेत खाच.
पाठ धरली, चहा गार झाला, उठवेना.

जातीचं नाव आज देत नाही.
नव्या बाजूला एक दात कमी दिसतो,
तार्तूला चित्र पाठवीन, ते काय म्हणतात बघू.

खड्डा आठचंही पाणी पाठव.
आणि झाकण घट्ट लाव, बाबा:
टपालवाली माइमू म्हणते,
तिच्या थैलीतल्या सगळ्या पत्रांना
आता दलदलीचा वास येतो.