वाळे

बाटलीत पाणी रेघेपर्यंत भरायचं,
बूच लावून बल्बच्या फळीवर ठेवायचं,
तिथं ऊब असते.
दुसऱ्या दिवशी काळं झालं
तर पाण्यात कोणीतरी आहे.

खैरबोडीत पाणी मी सोडतो, सात ते आठ.
वॉल्व्ह माझा, पावडरीची बादली माझी,
बाटल्यांची वही माझी.
वहीत घरं. घरांपुढं
एक तर ‘तसंच’, नाही तर ‘काळं’.

फुलवंता नेवारे : काळं, काळं, काळं.
नळाचं ती पीत नाही. बोडीकाठच्या विहिरीचं आणते.
“तुमच्या पान्याले दवाखान्याचा वास येते जी.”
मग गुंडात कोपरापर्यंत हात घालून
तिनं तळातून काढून दाखवले
पोट्टीचे वाळे.
पोट्टी आता चौथीत, मोठ्या भावाची सायकल
दांडीखालून पाय घालून चालवते.
“चांदी पानी राखते. माह्या मायनं सांगतलं.”

माय खोटं बोलली नव्हती.
पण वाळ्यातली चांदी वाळ्यातच बसून राहते,
पाण्यात उतरते ती नखाच्या मळाएवढीही नाही.
हे मला नीट सांगता आलं नाही.
मी फक्त बाटली उजेडात धरली.
ती कितीतरी वेळ
त्या काजळाकडं बघत होती.

गोमा कुंभार चिखलात धानाचा कोंडा मळतो.
भट्टीत कोंडा जळून जातो, आणि जिथं कोंडा होता
तिथं पाण्यापुरती वाट उरते,
जंतूला अडचणीची.
वरून दोन इंची ब्रशनं चांदीचं पाणी फासतो,
आतून, बाहेरून.
ते तालुक्याहून काळ्या शिशीत येतं,
उन्हात ठेवू नका असं लिहिलेलं.
त्या कुंडीतून तासाला दोन तांबे झिरपतात.
“एवढ्यात तं म्हैस पानी पिऊन
रवंथ करून झोपून जाते,” फुलवंता म्हणाली.
तरी घेतली. दोन पायल्या सुक्या झिंग्यांवर सौदा तुटला,
गोमा अजून म्हणतो, झिंगे बारीक होते.

काल बाटली तशीच निघाली.
मी दोनदा हलवून बघितली.

“मग वाळे काढून ठेवा आता,” मी म्हटलं.
“काहून?”
तिनं ते धुतले, कुंडीखालच्या कोरड्या बादलीत टाकले.
पहिला थेंब चुकला.
दुसरा वाळ्यावर पडला,
आणि घरात बारीक वाजलं,
भिंतीला धरून कोणी उभं राहावं तसं.
ती चुलीकडं वळली होती,
तिथंच थांबली.

बादलीत बोटभर पाणी चढल्यावर
आवाज बंद झाला.
आठ वाजून गेले होते. खालच्या मोहल्ल्यात
माझं पाणी रस्त्यावर वाहत होतं.