निळा डबा

दुसऱ्या बुधवारी
लिंबेवाडीच्या अंगणवाडीत मी निळा डबा उघडते.
आत बर्फ, बाटल्या,
आणि गावातल्या लेकरांचं माझ्याबद्दलचं मत.

दीड महिन्याचं लेकरू
माझ्याकडं बघून हसतं.
सुई मांडीत जाते,
क्षणभर काहीच नाही,
मग आख्खं तोंड लालभडक उघडतं.
खांद्यावर घेतलं की विसरतं. माफच करून टाकतं.

नऊ महिन्यांचं डबा बघूनच ओठ काढतं.
दीड वर्षाचं
माझ्या स्कूटीच्या आवाजावर कणगीमागं.
परवा गंगाखेडच्या बाजारात
मी साध्या साडीत शेपू निवडत होते,
तरी मुनीरचा अल्ताफ
दंड झाकून उभा राहिला.

"झोप, न्हाईतर सुईवाली येती."
रोज रात्री मी घरोघरी येते म्हणे.
मी तर आठलाच झोपते.

हसावं म्हणते, तर भिंतीवर पाल.
कंदिलावर बाळंतपणं केलेली मी
खुर्चीवर चढते.
पालीनं माझं काय वाकडं केलंय?
चार वर्षांची होते, चुलीपाशी, माय किंचाळली.
मी पाल बघितलीच नाही.
मायचं तोंड बघितलं.
अजून पाल दिसली की तेच दिसतं:
बावीस-तेवीसची, कपाळाला पीठ.
तिला कुणी शिकवलं,
विचारायचं राहून गेलं.

आणि माझी मधुरा?
तिनं तर माझं तोंड हजारदा बघितलंय.
ती झाडू घेते, पालीला म्हणते, चल गं बाई,
आणि दाराबाहेर घालवून येते.
हे कुठून आणलं तिनं?

द्वारकाचं पोरगं झालं त्या रात्री
नेहमीसारखं त्याचं डोकं तळहातावर घेतलं
आणि हात बोटभर खाली सोडला.
दोन्ही हात फाकले.
बोटं पसरली, हवेत काहीतरी धरायला.
जन्मून तास झाला नव्हता.
त्यानं कुणाचं तोंड बघितलं होतं?
कुठून पडला होता तो, आधी?

मी लगेच धरते. दरवेळी.
हात उघडले तर रजिस्टरात 'ठीक' लिहिते.
नाही उघडले,
लेकरू शांत, डोळे मिटून, पडायची फिकीरच नाही,
तर त्याच रात्री परभणीला पाठवते
आणि गाडी वळेपर्यंत
दारात उभी राहते,
दंड झाकून.